गोटगोडीचं गाव आणि कलघटगीचा पाळणा

धारवाड

पुणे-बंगळूर महामार्गाने हुबळी मागे टाकली की तासाभराच्या आत गोटगोडी येतं. कागदोपत्री हे हावेरी जिल्ह्यात, शिग्गाव तालुक्यात. पण हुबळी-धारवाडची माणसं ते आपल्याच अंगणात धरतात. रस्त्याला लागूनच ‘उत्सव रॉक गार्डन’ आहे. नावावरून चंडीगडसारखं काही असेल असं वाटतं, आणि आत पाऊल टाकलं की एक अख्खं गाव समोर येतं. कुंभार चाकाशी बसलाय, लोहाराचा भाता चालू आहे, कुरुब मेंढरं घेऊन निघालाय, तालमीत पोरं घुमताहेत, बायका दळताहेत, कांडताहेत. सगळी माणसं सिमेंटची, रंगवलेली, खऱ्या माणसाच्या उंचीची. लहानमोठ्या मिळून हजाराहून जास्त मूर्ती इथे आहेत. चित्रकार आणि शिल्पकार टी. बी. सोलबक्कनवर यांनी ही बाग उभी केली. ते २०२० साली गेले. उत्तर कर्नाटकातल्या दोड्डाट या लोकनाट्यासाठीही त्यांनी खूप केलं, आणि ती नाटकवाल्याची नजर या मूर्तींत पदोपदी दिसते. प्रत्येक माणूस काहीतरी करता करता थांबलेला आहे.

मराठी वाचकाला लगेच कोल्हापूरजवळचा कणेरी मठ आठवेल. तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयही असंच सिमेंटच्या मूर्तींचं, आणि तेही याच महामार्गाजवळ. बलुतेदारांचं नांदतं गाव मूर्तींतून मांडावं, ही ओढ या एकाच रस्त्यावर सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे दिसते. पण मला गोटगोडीच्या मूर्तींइतकेच त्या बघायला येणारे लोक महत्त्वाचे वाटतात. गोटगोडीला शाळांच्या सहली येतात, तसेच टेंपो भरून खेड्यांतले लोकही येतात. असेच एक आजोबा नातवाला पेरणीचं अवजार दाखवत होते. वरच्या चाड्यात बी सोडायचं, मूठ कशी सैल ठेवायची, नळ्यांतून दाणा सारखा कसा उतरतो, हे ते रिकाम्या हवेत मूठ सोडून करून दाखवत होते. मुलगा सिमेंटच्या बैलांपेक्षा आजोबांच्या मुठीकडेच बघत होता. त्यांच्या मागे दोघी-तिघी बायका एका मूर्तीच्या लुगड्याचे काठ रंगाने बरोबर काढलेत की नाही यावर वाद घालत होत्या. शहरातल्या कलादालनात अशी जाणकार गर्दी मी फार कमी पाहिली आहे. आपलं रोजचं काम कुणीतरी नीट पाहिलंय की नाही, हे तपासायला ही माणसं आलेली असतात.

या मुलुखाबद्दल थोडं सांगायला हवं. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्या काळातले दुवे अजून पुसलेले नाहीत. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. आपले जी. ए. कुलकर्णी इथल्याच कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. आणि गाण्याचं तर विचारूच नका: कुंदगोळचे सवाई गंधर्व, मनसूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीच्या गंगूबाई हनगल. धारवाड म्हटलं की आपल्याकडे तंबोरा डोळ्यांपुढे येतो. या गाण्याच्या मोठेपणाखाली इथली चित्रकला झाकली गेली आहे. डी. व्ही. हळभावी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि १९३०च्या दशकात त्यांनी धारवाडात चित्रकलेची शाळा काढली. उत्तर कर्नाटकातल्या कितीतरी खेड्यांतली मुलं तिथे रेघ मारायला शिकली. धारवाडात सरकारी कलादालनही आहे. तिथली प्रदर्शनं चांगली असतात. बघायला येणारे मात्र बहुतेक चित्रकार, त्यांचे विद्यार्थी आणि नातेवाईक.

लोककलेकडे कर्नाटक सरकारचं लक्ष आपल्यापेक्षा जास्त आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. इथे ललितकलेची अकादमी वेगळी, शिल्पकलेची वेगळी, जानपद म्हणजे लोककलांची वेगळी, यक्षगानाची वेगळी आणि बयलाट म्हणजे उघड्यावरच्या लोकनाट्याचीही वेगळी. त्यावर २०११ साली याच गोटगोडीत लोकसाहित्य आणि लोककलांसाठी अख्खं विद्यापीठ काढलं, कर्नाटक जानपद विश्वविद्यालय. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पण लोककलेचं स्वतंत्र विद्यापीठ काढावं असं आपल्या राज्यकर्त्यांच्या मनात आलेलं नाही. अर्थात या सोयीसुविधांत किनारपट्टीच्या यक्षगानाचा वाटा मोठा. इकडच्या काळ्या मातीतला दोड्डाट, रात्र-रात्र चालणारा, लाकडी किरीट आणि आरशांच्या भुजकीर्ती लावून नाचणारा, मागेच राहिला. धारवाडकडच्या माणसाला ही सल आहे, आणि ती खोटी नाही.

पण या भागातलं खरं ग्रामीण कलाप्रदर्शन बघायचं तर ज्येष्ठातल्या अमावास्येला यायला हवं. तिला इथे ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणतात, मातीच्या बैलांची अमावास्या. कोल्हापूर-सांगलीकडे ज्येष्ठी पौर्णिमेला जो ‘कर्नाटकी बेंदूर’ करतात, तो इथला कारहुण्णिमे. त्या दिवशी जिवंत बैलांची मिरवणूक. पंधरा दिवसांनी मातीच्या बैलांची पूजा. काही घरी कुंभार जोडी आणून देतो, त्याला धान्य मिळतं. काही घरी शेतातली माती आणून घरचेच बैल करतात. धारवाडजवळच्या एका घरात मी ते बनताना पाहिले. सासूबाईंच्या हातात काळ्या मातीचा गोळा, त्याला चिमटून चार पाय, मग पाठीवर अंगठा दाबून वशिंड वर काढलेलं. खिलारी बैलाचं वशिंड कुठे सुरू होतं हे त्या अंगठ्याला पाठ होतं. डोळ्यांच्या जागी दाणे टोचले, पुढे मातीचीच गव्हाण ठेवली. सून म्हणाली, “अक्का, आमच्याकडं आता बैल न्हाईत. ट्रॅक्टर हाय. पण ह्ये चुकवत न्हाई.” दुसऱ्या दिवशी पोरं त्यातल्या एका बैलाचा पाय मोडतात आणि तो लंगडा बैल घेऊन दारोदार ज्वारी मागत फिरतात.

ही नुसती सुरुवात. इकडे पावसाळाभर मातीच्या देवांची एक रांगच आहे. आषाढातल्या मंगळवारी गुळ्ळव्वा, मुलीबायकांची, गुंजांनी सजवलेली. श्रावणात नाग. भाद्रपदात गणपती. आणि गणपतीच्या पाठोपाठ जोकुमारस्वामी, ज्याची ओळख मराठी वाचकाला करून द्यायलाच हवी. कुंभाराच्या घरी तो जन्मतो: मोठं तोंड, वटारलेले डोळे, मिशा. ठरलेल्या समाजांतल्या बायका त्याला कडुलिंबाच्या पाल्यात, टोपलीत बसवून डोक्यावर घेऊन घरोघर नेतात, त्याची गाणी म्हणतात. घरची बाई त्याच्या ओठांना लोणी लावते, सुपातून धान्य घालते. त्याचं आयुष्य सात दिवसांचं. पौर्णिमेच्या रात्री त्याला मारतात. लोक सांगतात ती गोष्ट अशी: गणप्पा कडबू-मोदक खाऊन परत जातो आणि शिवाला सांगतो की खाली सगळं आबादीआबाद आहे. जोकुमार मात्र रानोमाळ हिंडतो, करपलेलं पीक आणि आटलेल्या विहिरी बघतो, आणि वर जाऊन खरं ते सांगतो. मग पाऊस पडतो. शेतकऱ्याची कड घेणारा हा देव करायचं काम गावच्या कुंभाराकडे आहे, आणि तो चेहरा दरवर्षी नव्याने घडवला जातो. कलेच्या इतिहासात याची नोंद कुणी करत नाही, कारण आठवड्याभरात माती पुन्हा मातीला मिळते. मला ही नोंद व्हायला हवी असं फार वाटतं. करणारा गावचा, बघणारा गावचा, आणि मोल म्हणून ज्वारी घालणाराही गावचाच. स्थानिक कलावंताचं प्रदर्शन याहून पूर्ण कुठे असणार?

त्यातला शेवटचा, मोल घालणारा, हाच आता कमी होत चाललाय, आणि माझी काळजी तीच आहे.

कसुतीचंच घ्या. धारवाडी कसुतीला २००६च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. इरकली लुगड्यावर, चंद्रकळेवर धागे मोजून घातलेलं हे भरतकाम. आधी छापा काढायचा नाही, कुठेही गाठ मारायची नाही. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंती चांगली जमली तर सुलट कुठली आणि उलट कुठली ते सांगता येत नाही. गोपूर, रथ, पालखी, तुळशीकट्टा, हत्ती, मोर, पाळणा, म्हणजे देवळाच्या जत्रेत आणि घराच्या सोप्यात जे दिसलं ते सगळं बायकांनी कापडावर आणलं. हुबळी-धारवाडात अजून शेकडो बायका घरी बसून हे काम करतात, बहुतेक नगावर. दुकानात मात्र शेजारीच यंत्रावर भरलेली आणि नुसती छापलेली ‘कसुती’ टांगलेली असते, स्वस्त. पुण्या-मुंबईच्या बायका कौतुकाने तीच उचलतात. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की पदर उलटून बघा. मागे धाग्यांचा गुंता किंवा अस्तर चिकटवलेलं दिसलं, तर ते कुणा बाईने डोळे ताणून मोजलेलं काम नाही.

कलघटगीचा पाळणा याहून नाजूक अवस्थेत आहे. हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर कलघटगी हे तालुक्याचं गाव. तिथली चित्रगार घराणी पिढ्यान् पिढ्या लाकडी पाळणे रंगवत आली. सागवानी फळ्यांवर लाखेचे चमकदार रंग, त्यांत कृष्णाच्या बाललीला, रामायण, वेली, पोपट. लाल, पिवळा, हिरवा आणि त्यांना बांधून ठेवणारी काळी रेघ. ती रेघ एका दमात ओढलेली असते. एका घरात मी आजीच्या बारशाचा पाळणा पाहिला. खालची कड हातांनी झिजून लाकूड उघडं पडलं होतं, पण वरच्या पट्टीतल्या गवळणींच्या ओच्याचा लाल तसाच होता. असे पाळणे एका घरात राहत नाहीत. बहिणीकडून भावजयीकडे, तिथून पुतणीकडे, असे नात्यात फिरतात. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, तेव्हा पाळण्याची जबाबदारी माहेरची.

आता हे काम करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मागणी अगदीच नाही असं नाही. मोठ्या शहरांतून, हौशी लोकांकडून येते. अडचण वेगळी आहे. चांगलं सागवान परवडत नाही, रंगवायला बरेच आठवडे लागतात, आणि नव्या स्लॅबच्या घरांत पाळणा टांगायला आढंच नाही. कडी बसवायची तर ती घर बांधतानाच ठरवावी लागते. रंगवणारे एक कारागीर मला म्हणाले, “मुलगा हुबळीत नोकरीला हाय, अक्का. रंग त्याला येतो. पण त्यानं सुट्टीच्या दिवशी किती रंगवायचं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते मागितलंही नव्हतं.

म्हणून गोटगोडीच्या बागेबद्दल मला प्रेम असूनही मी तिच्यावर फार ओझं टाकत नाही. तिथला सिमेंटचा कुंभार मडकं घडवत राहील, ते दाखवणं गरजेचंच आहे. आजोबांची ती रिकामी मूठ नातवाने तिथेच पाहिली. पण खरा कुंभार टिकायचा तर कुणीतरी त्याच्याकडून मडकं घ्यायला हवं. प्रदर्शनं, उत्सव, अकादम्यांचे पुरस्कार यांची किंमत मी एकाच गोष्टीवरून ठरवते: माणसं घरी परतल्यावर कारागिराकडे नवं काम येतं का? कर्नाटक सरकारने मेळे भरपूर भरवले. त्या मेळ्यांत कारागिराला चारच दिवस टेबल मिळतं आणि उरलेलं वर्षभर त्याचा पत्ताही गिऱ्हाइकाला माहीत नसतो. हे दुरुस्त करायला नवं विद्यापीठ लागत नाही. कुठल्या गावात कुणाकडे काय मिळतं याची एक साधी यादी बसस्टँडवर आणि रेल्वेस्टेशनवर लावली तरी पुष्कळ होईल. गावच्या पंचायतीने शाळेतल्या मुलांना वर्षातून एकदा कुंभाराच्या आणि चित्रगाराच्या घरी नेलं, तर आणखी बरं.

कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या वाचकांना हा मुलुख लांब नाही. सकाळी निघालात तर दुपारी धारवाडात पेढा खाऊन संध्याकाळी गोटगोडी बघून होतं. पण तेवढ्यावर परत फिरू नका. हुबळीहून कारवार रस्त्याला लागा आणि कलघटगीत चित्रगारांचं घर विचारा. गावात कुणीही दाखवेल. जाताना नात्यात कुणाचं बाळंतपण येऊ घातलंय ते आठवून जा, आणि वेळ हाताशी ठेवून सांगा, कारण घाईचा पाळणा ते करत नाहीत. ज्येष्ठातल्या अमावास्येच्या आदल्या आठवड्यात आलात, तर धारवाडच्या बाजारात मातीच्या बैलजोड्या मिळतील. त्यांतली बिनरंगाची, काळ्या मातीची घ्या. रंगवलेल्यांत आता साच्यातल्या पुष्कळ येतात.