कॉम्प्युटर तापून बंद पडतो, तेव्हा

उन्हाळा लागला की गटांच्या ऑफिसातून आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते. दुपारी हप्त्यांच्या नोंदी भरायला बसलं की कॉम्प्युटर रेंगाळतो, पंखा घरघरतो आणि मध्येच सगळं काळं होतं. दुकानात विचारलं तर उत्तर तयार असतं, मशीन जुनं झालं, नवीन घ्या. नवीन म्हणजे गटाच्या बचतीला हात घालायचा. त्याआधी आत धूळ किती साचली आहे ते बघू या.

लाइट जाताच मशीन बंद पडत असेल, तर दोष यूपीएसच्या बॅटरीचा समजा. पण तासभर चालून, हळू होऊन बंद पडत असेल, तर बहुधा उष्णतेचाच त्रास.

आपण ज्या उभ्या डब्याला सीपीयू म्हणतो, ते खरं तर कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप. काम करताना ती तापते. तिच्यावर पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो आणि ठोकळ्यावर पंखा. चिपची उष्णता पत्र्यांत जाते, पंखा ती उडवतो, मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो. चिप ९० ते १०० अंशांच्या घरात गेली की आधी काम हळू करते. तरी निवली नाही, तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं.

हे पंखे गारवा तयार करत नाहीत, खोलीतलीच हवा आत खेळवतात. पत्र्याखाली ४२ अंश असतील, तर चिप त्याच्या खाली येणारच नाही. म्हणून जड काम सकाळी उरका. कूलर लावलात तर त्याचा ओला झोत कॅबिनेटवर सरळ घेऊ नका.

आता वाट. चुलीचा धूर धुराड्यातून जातो; धुराडं बुजलं तर खिडकी उघडी ठेवूनही डोळे चुरचुरतात. कॅबिनेटमध्येही समोरून हवा आत आणि मागून बाहेर, अशीच वाट असते. आपण मात्र ते भिंतीला चिकटवतो, कपाटात कोंबतो, वर भरतकामाचं कव्हर घालतो! मागे वीतभर जागा सोडा, जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा, चालू असताना कव्हर काढा. झाकण कायमचं उघडं ठेवणं हा उपाय नव्हे. हवेची वाट मोडते, धूळ जास्त बसते आणि पाली आत शिरतात.

साफसफाई दोन-तीन महिन्यांनी करावी, रस्त्याकडेला ऑफिस असेल तर आणखी लवकर. वॉरंटी असेल तर मात्र उघडण्याआधी दुकानात विचारा. मशीन नीट बंद करा, सगळ्या वायरी काढा, मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट अंगणात न्या. झाकण काढल्यावर आधी उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्या अंगावरच्या स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू शकतात. कोरड्या मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढा. ओलं फडकं अजिबात नको. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरला तर तो खराब होतो. ठोकळ्याच्या पत्र्यांमध्ये धुळीची गादी असते, खरा त्रास तिथला. वीज पुरवणारा बंद डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

जोडून चालू केल्यावर कागदाची पातळ पट्टी मागच्या पंख्यासमोर धरा. ती बाहेर उडायला हवी. आत ओढली गेली तर पंखा उलटा बसलाय. समोर पंखा असेल तर तिथे पट्टी जाळीला चिकटायला हवी.

एवढं करूनही बंद पडलंच, तर चिप आणि ठोकळा यांच्यामधली पेस्ट वाळलेली असू शकते. दुकानात नेताना "पेस्ट बदला आणि पंखा तपासा" असं सांगा, आणि समोर बसून करून घ्या.