फोन बदलायचा कधी? तारीख बघून ठरवा

फोन बदलावा का, हा प्रश्न दुकानात उभे राहून किंवा सेलच्या जाहिराती चाळताना विचारला, तर उत्तर हमखास 'हो' असेच येते. समोर नवा चकचकीत फोन असतो, कॅमेऱ्याचे आकडे असतात, आज रात्री बारापर्यंतच मिळणारी सवलत असते आणि हातातला फोन त्याच क्षणी आणखी मंद, आणखी कळकट वाटू लागतो. म्हणून हा निर्णय नव्या फोनकडे बघून घेऊच नये, असे माझे म्हणणे आहे. तो जुन्याकडे बघून घ्यावा. त्यातले नेमके काय संपले आणि जे संपले ते पैसे टाकून परत मिळते का, एवढेच विचारावे. फोनमध्ये संपण्यासारखे, झिजण्यासारखे पुष्कळ असते. बॅटरी उतरते, जागा भरते, चार्जिंगचा पोर्ट ढिला होतो, डिस्प्लेला तडा जातो. हे सगळे दुरुस्त होते किंवा बदलून मिळते. एकच गोष्ट अशी आहे की ती संपली की कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि नेमकी तीच आपण कधी तपासत नाही. ती म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षा अपडेट.

त्याकडे वळण्याआधी 'फोन स्लो झालाय' या नेहमीच्या तक्रारीचे बघू. ती खोटी नसते, पण तिचे मूळ पुष्कळदा प्रोसेसरमध्ये नसून बॅटरीत असते. याचा सर्वांत गाजलेला पुरावा डिसेंबर २०१७मध्ये पुढे आला. आयफोन ६एस वापरणाऱ्या एकाने बॅटरी बदलताच फोन पुन्हा पहिल्यासारखा पळू लागल्याचे इंटरनेटवर लिहिले. गीकबेंच ही वेग मोजणारी चाचणी तयार करणारे जॉन पूल यांनी मग आपल्याकडे जमलेले आकडे तपासले. एकाच मॉडेलचे फोन आयओएसच्या ठरावीक आवृत्त्यांनंतर वेगवेगळ्या वेगांच्या गटांत विभागले गेलेले त्यांना दिसले. त्यानंतर ॲपलने खुलासा केला. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडताना किंवा गेम सुरू होताना प्रोसेसर एकदम जास्त वीज मागतो, ती बॅटरीला देता येत नाही आणि चार्जिंग शिल्लक दिसत असतानाही फोन पटकन बंद पडतो. तो पडू नये म्हणून कंपनीने सॉफ्टवेअरमधून प्रोसेसरलाच आवर घातला होता आणि ग्राहकांना ते स्पष्टपणे सांगितले नव्हते. हे लपवणे महागात पडले. अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला, फ्रान्सने २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला आणि अमेरिकेतला सामूहिक दावा मिटवताना कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की त्या वर्षांत कित्येकांनी फोन म्हातारा झाला असे समजून नवा घेतला असणार, आणि त्यांच्या फोनला फक्त बॅटरी हवी होती.

ही झीज मोजता येते. एकूण वापर शंभर टक्के झाला की चार्जिंगचे एक चक्र पूर्ण झाले असे धरतात. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चक्रांनंतर, तर आयफोन १५पासूनच्या १,००० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरतील अशा बनवलेल्या आहेत. रोज एक चक्र म्हटले तर ५०० चक्रे दीड वर्षाच्या आतच भरतात. त्यातून आपली उन्हे. फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे कंपन्या सांगतात आणि नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. दुचाकीच्या हँडलला भर उन्हात फोन लावून, नकाशा सुरू ठेवून, वर पॉवर बँकेने चार्जिंग करत दिवसभर घरोघरी माल पोचवणाऱ्या मुलाच्या फोनची बॅटरी कागदावरच्या हिशेबापेक्षा खूप आधी थकणारच. पण थकली तरी मध्यम किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनची बॅटरी अधिकृत केंद्रात दोन-तीन हजारांच्या आसपास बदलून मिळते. तेवढ्यासाठी वीस हजारांचा फोन घेणे म्हणजे टायर झिजला म्हणून गाडी विकणे. बॅटरी फुगून मागचे कव्हर उचलले गेले असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. चार्जिंग बंद करून फोन थेट सर्व्हिस सेंटरला न्यावा. वेग कमी होण्याचे दुसरे कारण भरलेले स्टोरेज. ते व्हॉट्सॲपवरचे जुने व्हिडिओ आणि शुभेच्छांची चित्रे काढून टाकली की मोकळे होते, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

आता न दुरुस्त होणाऱ्या गोष्टीकडे येऊ. जुलै २०१५मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाने ओळखली गेलेली त्रुटी उघडकीला आली. खास रचलेला एक मल्टिमीडिया मेसेज आला की काहीही न उघडता फोनमध्ये शिरता येईल, असा तो प्रकार होता. त्यानंतर ऑगस्ट २०१५पासून गुगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट देण्याची पद्धत सुरू केली. ही पद्धत चांगली, पण तिची दुसरी बाजू क्वचितच कुणी सांगते. सापडलेल्या त्रुटींची यादी गुगल वेळोवेळी जाहीर करते. ज्यांना अपडेट मिळते त्यांच्या फोनची दारे बंद होतात. ज्यांच्या फोनचा पाठिंबा कंपनीने थांबवला, त्यांच्या फोनची कोणती दारे उघडी आहेत याची यादी मात्र जगाच्या हाती पडलेली असते आणि ती लांबतच जाते. असा फोन दिसायला ठणठणीत असू शकतो. कॅमेरा उत्तम, बॅटरी नवी, काचेवर ओरखडासुद्धा नाही. तरी तो संपलेला असतो. आपल्या फोनची स्थिती बघायला अर्धे मिनिट पुरते. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' किंवा 'सिक्युरिटी' या भागात 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' असे लिहून पुढे एक तारीख दिलेली असते. ती गेल्या काही महिन्यांतली असेल तर निवांत राहावे. वर्षाहून जुनी असेल आणि 'चेक फॉर अपडेट' दाबूनही काही येत नसेल, तर तो फोन बदलण्याची वेळ झाली आहे. मग नवे मॉडेल दोन महिन्यांनी येणार असले तरी थांबण्यात अर्थ नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडची बहुतेक ऑनलाइन फसवणूक फोनमधल्या तांत्रिक त्रुटींतून होत नाही, माणसाला बोलण्यात गुंतवून होते. ओटीपी विचारला जातो, 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घातली जाते. नवा फोन घेऊन भोळेपणा कसा कमी होणार? हे खरे आहे. पण या फसवणुकीतला मोठा प्रकार फोनच्या वयाशी जोडलेला आहे. लग्नाची पत्रिका, वाहतूक चलन किंवा बँकेचे केवायसी असे नाव देऊन व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती इन्स्टॉल केली की ते ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते आणि ती मिळाली की स्क्रीनवर काय चालले आहे ते वाचू शकते. अँड्रॉइड १३पासून गुगलने बाहेरून आलेल्या अशा ॲपना ही परवानगी सहजासहजी मिळणार नाही अशी आडकाठी घातली. चूक माणसाकडूनच होणार, हे धरून नवी प्रणाली मध्ये एक पायरी उभी करते आणि त्या पायरीवर थबकलेला माणूस वाचू शकतो. जुन्या प्रणालीत ती पायरीच नाही.

म्हणूनच आपल्या घरांतली एक रीत मला फार खटकते. नवा फोन आला की जुना आईबाबांकडे जातो. 'तुला काय, फोन आणि व्हॉट्सॲपच तर लागतं' असे म्हणून. पण त्याच फोनवर पेन्शनचे खाते, यूपीआय आणि मुदत ठेवींचे ॲप असते, आणि ठगांचे फोन साठी ओलांडलेल्यांनाही येतात. अपडेट बंद झालेला फोन घरातल्या सर्वांत असुरक्षित माणसाच्या हाती आपण प्रेमाने ठेवतो. तो फोन द्यायचाच असेल तर त्यावर गाणी ऐकावीत, कीर्तने बघावीत. बँकेचे ॲप त्यावर नको. बजेट एकाच नव्या फोनचे असेल, तर तो आईबाबांना द्यावा.

फोन घ्यायचा ठरला की पुढचा प्रश्न कोणता घ्यावा, आणि इथेही तारीखच कामाला येते. ऑक्टोबर २०२३मध्ये गुगलने पिक्सेल ८साठी, जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४साठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनना अजूनही पुष्कळ ठिकाणी याच्या निम्मीच मुदत मिळते. शिवाय ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. पिक्सेल ८ आज घेतला काय आणि दोन वर्षांपूर्वी घेतला काय, त्याची मुदत ऑक्टोबर २०३०लाच संपणार. दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन म्हणूनच नीट तपासावा. समजा, १५ हजारांच्या फोनची अपडेटची दोनच वर्षे उरली आहेत आणि २४ हजारांच्या फोनची सहा. पहिला वर्षाला साडेसात हजारांना पडतो, दुसरा चार हजारांना. महाग फोन घ्यावा असा याचा अर्थ नाही. याच हिशेबाने कित्येकदा पन्नास हजारांपेक्षा पंचवीस हजारांचा फोन सरस ठरतो. वापरलेला फोन घेणाऱ्यांनी हा भागाकार आणखी काळजीने करावा. *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक घ्यावा आणि फोन चोरीचा नाही ना, हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पडताळावे.

अपडेट सुरू असलेल्यांनी थांबावे हे ठीक, पण थांबण्यात तोटा नाही का, असे विचारले जाईल. जुन्या फोनची एक्स्चेंज किंमत दर महिन्याला घसरते, हे खरेच. पण ती पहिल्या वर्षात सर्वांत जोरात घसरते. दरवर्षी फोन बदलणारा माणूस दरवर्षी ती सर्वांत मोठी घसरण स्वतःच्या खिशातून भरतो. चार-पाच वर्षे वापरणारा ती एकदाच भरतो. किमती वाढण्याची भीती मात्र सध्या निराधार नाही. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, कारखाने तिकडे वळले आणि २०२५च्या अखेरीस मेमरी चिप झपाट्याने महागल्या. मायक्रॉनसारख्या मोठ्या उत्पादकाने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद करण्याचे त्या डिसेंबरात जाहीर केले. त्यामुळे ज्यांचा फोन पुढच्या चार-सहा महिन्यांत बाद होणारच आहे त्यांनी फार ताणू नये. बाकीच्यांनी संभाव्य महागाईच्या धास्तीने आजच खिसा रिकामा करण्याचे कारण नाही. न घेतलेला फोन कितीही महागला तरी आपला एक रुपयाही जात नाही. मुद्दाम वाट बघावी अशा वेळा मोजक्याच असतात. साधारण सप्टेंबरात नवे आयफोन येतात आणि मागच्या वर्षीचे मॉडेल उतरते, त्यानंतर दसरा-दिवाळीचे सेल लागतात. तेव्हाही 'नो कॉस्ट ईएमआय'ला भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज किमतीत दडलेले असते किंवा रोखीच्या सवलतीवर पाणी सोडून आपण ते भरतो, आणि क्रेडिट कार्डवर प्रोसेसिंग फी व व्याजावरचा जीएसटी वेगळा.

राहिली ५जी आणि एआयची भुरळ. नेटवर्क फोनला खरोखर बाद करू शकते. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले ते फक्त ४जीवर, आणि व्हीओएलटीई (४जीवरून कॉल करण्याची सोय) नसलेल्या फोनवरून त्यावर थेट कॉल लागत नव्हता. ५जीचे तसे झालेले नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये ते भारतात सुरू झाले, तरी ४जी फोनवर कॉल, यूपीआय आणि व्हिडिओ सगळे चालते. एआयचेही तसेच. ॲपल इंटेलिजन्सला आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढचा फोन लागतो हे खरे, पण एआयचे बरेचसे काम कंपन्यांच्या सर्व्हरवर होते. गुगलच्या जेमिनी या एआयचे ॲप जून २०२४मध्ये भारतात आले ते मराठीसह, आणि ते साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते. कॅमेऱ्याची हौस असेल तर ती जरूर पुरवावी, फक्त तिला गरज म्हणू नये. शिवाय हौसेची किंमत फक्त पैशांतच नसते. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच घडून गेलेला असतो. ॲपलच्या स्वतःच्या अहवालांत तो साधारण चार-पंचमांश दिसतो. फोन एक-दोन वर्षे जास्त वापरण्याइतका सोपा पर्यावरणाचा उपाय दुसरा नाही.

अडचण एकच आहे. ज्या तारखेवर हा सगळा हिशेब उभा आहे, ती आपल्याला दुकानात कुणी दाखवत नाही. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नवे नियम लागू झाले. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट, सात वर्षे सुटे भाग, आणि ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता टिकवणारी बॅटरी देणे तिथे बंधनकारक झाले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, आणि वस्तू दुरुस्तीला किती सोपी हे सांगणाऱ्या निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. त्यात स्मार्टफोनही आहेत आणि सॉफ्टवेअर अपडेटचा निकषही आहे. पण फोनच्या खोक्यावर किंमत आणि उत्पादनाचा महिना छापणे सक्तीचे असताना, अपडेट कधी संपणार ही तारीख छापणे सक्तीचे का असू नये? ती सक्ती होईपर्यंत फोन घेताना ही तारीख दुकानदाराला विचारा, त्याला सांगता आली नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर बघा, आणि तिथेही सापडली नाही तर तो फोन घेऊ नका.