विश्लेषण : विषारी नसलेल्या नायट्रोजनने चिकन कारखान्यात सहा बळी कसे घेतले?

लग्नाच्या स्वागत समारंभात किंवा जत्रेत धूर सोडणारे पान, बिस्किट तुम्ही पाहिले असेल. तो धूर निघतो द्रवरूप नायट्रोजनमुळे. मांस प्रक्रिया कारखान्यांत हाच नायट्रोजन मोठमोठ्या टाक्यांमध्ये साठवलेला असतो. २८ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, गेन्सव्हिल शहरातील ‘फाउंडेशन फूड ग्रुप’च्या चिकन कारखान्यात त्याची गळती झाली आणि सहा कामगारांचा मृत्यू झाला. बिघाड होता एका वाकलेल्या नळीचा. मग सहा जीव का गेले?

त्या दिवशी काय घडले?

कारखान्यात द्रवरूप नायट्रोजनवर चालणारा नवा फ्रीझर बसवून फार दिवस झाले नव्हते. त्यात चिकनचे तुकडे आधी नायट्रोजनमध्ये बुडवले जात आणि मग फिरत्या पट्ट्यावरून पुढे जात. फ्रीझरमधील नायट्रोजनची पातळी मोजण्यासाठी एक बारीक नळी होती. ती वाकल्याने यंत्रणेला पातळी चुकीची दिसली आणि नायट्रोजन भरणे सुरूच राहिले. अखेर तो फ्रीझरबाहेर सांडला आणि खोली पांढऱ्या धुक्याने भरली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने, म्हणजेच सीएसबीने, डिसेंबर २०२३ मधील अहवालात हा घटनाक्रम मांडला आहे.

मांस गोठवण्यासाठी नायट्रोजनच का?

द्रवरूप नायट्रोजनचे तापमान सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे मांस झटपट गोठते, त्यात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होत नाहीत आणि पोत टिकतो. अनेक शीतगृहांत आणि मांस कारखान्यांत अमोनियाही वापरतात. अमोनिया विषारी आहे, पण त्याचा उग्र वास थोड्या गळतीतही नाकाला झोंबतो. नायट्रोजनला वास नाही आणि रंगही नाही. गळतीच्या वेळी दिसणारे पांढरे धुके हे थंडीमुळे गोठलेले हवेतील बाष्प असते.

श्वास कोंडत असल्याचे कळत का नाही?

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, म्हणून तो विषारी नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. एक लिटर द्रवरूप नायट्रोजनचे वायूत रूपांतर झाले की तो सुमारे ७०० लिटर जागा व्यापतो. बंद खोलीत तो ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. थंड असल्यामुळे हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचून राहतो.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली ती हवा धोक्याची मानली जाते. प्रमाण ४ ते ६ टक्क्यांवर आले, तर माणूस मिनिटभराच्या आत बेशुद्ध पडतो. गुदमरल्याची जाणीव आपल्याला प्रामुख्याने शरीरात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, ऑक्सिजन कमी पडल्याने नव्हे. नायट्रोजनने भरलेल्या खोलीत श्वास सहज आत-बाहेर होत राहतो, त्यामुळे शरीर धोक्याची सूचनाच देत नाही.

बळींची संख्या का वाढली?

नळी वाकल्याने गळती झाली. पण बळी वाढले ते पुढच्या त्रुटींमुळे. खोलीत ऑक्सिजनचे प्रमाण मोजून भोंगा वाजवणारे उपकरण नव्हते. नायट्रोजन किती घातक ठरू शकतो, याचे प्रशिक्षण कामगारांना मिळाले नव्हते. सीएसबीच्या अहवालानुसार, किमान १४ कर्मचारी काय झाले ते पाहायला किंवा सहकाऱ्यांना वाचवायला गेले. माणुसकीने धावून गेलेल्यांपैकीही काही जण परतले नाहीत.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे ओशाने, जुलै २०२१ मध्ये चार कंपन्यांवर मिळून ५९ उल्लंघने नोंदवली आणि सुमारे १० लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला.

कायद्यात कोणती फट होती?

अमेरिकेत अतिघातक रसायनांसाठी ओशाचा कडक नियम आहे. कारखान्यात १० हजार पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन किंवा त्याहून अधिक अमोनिया असेल, तर जोखमीचे लेखी विश्लेषण, देखभालीच्या नोंदी आणि आपत्कालीन योजना बंधनकारक होते. या यादीत नायट्रोजन नाही, कारण तो विषारीही नाही आणि ज्वलनशीलही नाही. वास्तविक १९९२ ते २००२ या काळात अमेरिकेत नायट्रोजनमुळे गुदमरून ८० जणांचा मृत्यू झाल्याचे सीएसबीने २००३ मध्येच दाखवून दिले होते. अशा अतिशीत वायूंसाठी राष्ट्रीय मानक आणावे, अशी शिफारस बोर्डाने गेन्सव्हिलनंतर ओशाला केली.

उपाय काय?

- फ्रीझरच्या खोलीत ऑक्सिजन मापक हवा. त्याचा भोंगा आणि दिवा खोलीबाहेरही हवा.
- प्रमाण घटताच नायट्रोजनचा पुरवठा आपोआप बंद व्हावा. हाताने बंद करायचे बटण दाराबाहेर असावे.
- जोरदार वायुवीजन हवे आणि त्याचा शोषक जमिनीलगत असावा.
- सूचना कामगारांना समजणाऱ्या भाषेत द्याव्यात.
- आत कोणी कोसळलेले दिसले, तर आधी बाहेर पडून मदत बोलवावी. हवेचा सिलिंडर लावलेल्या प्रशिक्षित पथकानेच आत जावे. साधा मास्क येथे निरुपयोगी आहे, कारण तो हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही.

आपल्याशी संबंध काय?

सेप्टिक टँकमध्ये एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. तेथे वायू वेगळे असतात, पण साखळी हीच. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोरीने पेटता कंदील खाली सोडण्याची पद्धत होती. तो विझला, तर उतरायचे नाही. ज्वलनशील वायू असेल तर कंदीलच घातक ठरतो, म्हणून आज त्याची जागा मापकाने घ्यायला हवी. नियम मात्र तोच आहे : आधी हवा तपासा, मगच माणूस आत पाठवा.