तंबूत शेगडी पेटवणं सुरक्षित आहे का? धूर थांबल्यावरच खरा धोका का सुरू होतो?

बाहेर गुडघाभर बर्फ, आत कापडी तंबू, तंबूत लोखंडी स्टोव्ह आणि त्यावर उकळणारा चहा. थंडी सुरू झाली की असे रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. खाली कमेंटमध्ये 'या विकेंडला म्हैसमाळ?' असं विचारत कुणीतरी मित्राला टॅगही केलेलं असतं.

पण त्या व्हिडिओतला तंबू आणि आपल्या बाजारात मिळणारा तंबू यात मोठा फरक आहे. तो लक्षात घेतला नाही, तर उबेसाठी आत नेलेली शेगडी जीव घेऊ शकते.

आणि हा प्रश्न फक्त कॅम्पिंगला जाणाऱ्यांचा नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यासारख्या औद्योगिक पट्ट्यात बांधकामावरचे मजूर पत्र्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या खोपटांत राहतात. हौसेने तंबूत गेलेल्या माणसाला थंडी सोसली नाही तर तो घरी परत येऊ शकतो. मजुरांना मात्र संपूर्ण हिवाळा तिथेच काढायचा असतो.

म्हणून बंद जागेत लाकूड किंवा कोळसा जळतो तेव्हा नेमकं काय होतं, ते समजून घेऊया.

आपल्याकडे एवढी थंडी पडते का?

मराठवाडा म्हटलं की डोळ्यांसमोर ऊन येतं. पण डिसेंबर-जानेवारीत चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. शेंद्रा तिथून जवळच, जालना रोडवर आहे.

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार, मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असलं, तर ती थंडीची लाट मानली जाते.

हिवाळ्यात इथलं आकाश निरभ्र असतं. ढगांचं पांघरूण नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने थंड होते आणि पहाटे सगळ्यात जास्त गारठा असतो. पत्रा आणि ताडपत्री वारा अडवतात, पण ऊब धरून ठेवत नाहीत. त्यामुळे रात्री निखाऱ्यांचं घमेलं आत ओढून घ्यावंसं वाटणं साहजिक आहे.

व्हिडिओतला स्टोव्ह वेगळा कसा?

तंबूत स्टोव्ह लावण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी लष्करी अधिकारी हेन्री सिब्ली यांनी १८५६ मध्ये शंकूच्या आकाराच्या तंबूचं पेटंट घेतलं. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा पत्र्याचा स्टोव्ह अमेरिकी लष्कराने पुढे अनेक दशकं वापरला. आपल्याकडे लडाख, काश्मीर आणि हिमाचलमध्ये घराघरांत दिसणारी बुखारीही याच तत्त्वावर चालते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे धुराडं. आग बंद लोखंडी पेटीत असते आणि जळून तयार झालेले वायू नळकांड्यातून थेट बाहेर जातात. खोलीत येते ती फक्त उष्णता.

असा स्टोव्ह लावायचा तंबूही खास असतो. तो जाड सुती कॅनव्हासचा, उंच आणि ऐसपैस असतो. नळकांडं जिथून बाहेर जातं तिथे आग न धरणाऱ्या कापडाचा तुकडा शिवलेला असतो, त्याला स्टोव्ह जॅक म्हणतात. ठिणग्या कापडावर पडू नयेत म्हणून नळकांड्याच्या तोंडाला जाळी असते. स्टोव्हखाली आग न पकडणारी चटई असते आणि तंबूला वर व खाली हवा खेळण्यासाठी झरोके असतात.

आपल्याकडे ऑनलाइन मिळणारे घुमटाकार तंबू बहुतेक पॉलिस्टरचे असतात. त्यांना स्टोव्ह जॅक नसतो. पॉलिस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि पेटत्या स्टोव्हचं नळकांडं त्याहून सहज जास्त तापतं. एखादी ठिणगीसुद्धा कापडाला भोक पाडते. पेट घेतला तर वितळलेलं प्लास्टिक आत झोपलेल्यांच्या अंगावर पडतं. बाहेर पडायला दार एकच, तेही चेनचं.

त्यामुळे अशा तंबूत स्टोव्ह, शेगडी, घमेलं यांपैकी काहीही पेटवायचं नाही. इथे 'काळजी घेऊन पेटवू' हा पर्याय नसतो.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असं का वाटतं?

धूर असला की डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि आपण आपोआप दार उघडतो. म्हणजे धूर आपल्याला सावध करतो. म्हणूनच बरेच जण शेगडी बाहेर पेटवतात, धूर जाऊ देतात आणि लाल निखारे झाले की ती आत आणतात. 'आता धूर नाही, काही होत नाही,' असं त्यांना वाटतं.

पण घात इथेच होतो. लाकूड टप्प्याटप्प्याने जळतं. आधी त्यातलं पाणी उडून जातं. मग लाकडातून वायू सुटतात, ते पेटतात आणि ज्वाळा दिसते. ते संपले की मागे उरतो कोळसा, म्हणजेच निखारे. निखाऱ्यात कार्बन धुमसत असतो. त्याला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन डायऑक्साईडऐवजी मोठ्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. वर राख साचली की हवा आणखी कमी मिळते.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकलाही येत नाही. थोडक्यात, धूर थांबतो तेव्हा सावध करणारा जातो आणि धोका मागे राहतो.

शरीरात नेमकं काय होतं?

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साईड या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी हळूहळू रक्तात साठत जातो आणि ऑक्सिजनला जागाच उरत नाही.

सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं. दिवसभर काम केलेला किंवा ट्रेक करून आलेला माणूस याला थकवा समजतो आणि झोपतो. झोपलेल्याला ही लक्षणं जाणवतही नाहीत. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि हृदयरोग असलेल्यांना धोका अधिक असतो.

कोविडनंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आहे. पण या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन यातला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. माणूस बेशुद्ध असला तरी त्यावरचा आकडा व्यवस्थित दिसू शकतो.

अशा घटना फक्त तंबूतच घडतात असं नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून गेलेल्या ८ पर्यटकांचा हॉटेलच्या खोलीत मृत्यू झाला. त्यात ४ लहान मुलं होती. खोलीत गॅस हीटर लावलेला होता आणि दारं-खिडक्या बंद होत्या. म्हणजे लाकूड असो, कोळसा असो की गॅस, जळलेले वायू बाहेर जायला वाट नसेल तर धोका तोच.

चेन थोडी उघडी ठेवली तर चालेल का?

नाही. थोडी फट ठेवली म्हणजे किती हवा येईल, याचा काही भरवसा नसतो. ते वाऱ्यावर अवलंबून असतं. शिवाय रात्री थंडी वाढली की कुणीतरी उठून ती फट बंद करतंच.

धुराडं असलेला स्टोव्हही रात्रभर पेटता ठेवून झोपण्यासाठी नाही. नळकांड्यातली हवा गरम असेपर्यंत ती वर जाते आणि आतले वायू ओढून नेते. मध्यरात्री आग मंदावली की नळकांडं थंड होतं आणि ओढ कमी होते. नेमके त्याच वेळी आत निखारे धुमसत असतात. वाऱ्याचा उलटा झोत आला तर वायू तंबूत परतू शकतात. लाकूड जास्त वेळ पुरावं म्हणून हवेची झडप बंद केली तर हा धोका आणखी वाढतो.

बर्फाळ देशांत असे स्टोव्ह वापरणारे सोबत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म ठेवतात. युरोपीय मानकानुसार, हवेतलं प्रमाण दहा लाख भागांत ३०० भाग झालं तर तो ३ मिनिटांच्या आत वाजायला हवा. पण अलार्म हे शेवटचं संरक्षण आहे. तो जवळ आहे म्हणून घमेलं आत न्यायची परवानगी मिळत नाही.

शेंद्र्यात हा प्रश्न कुणाचा आहे?

कारखान्यांच्या परिसरात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे जळण. यंत्रांसोबत आलेले लाकडी पॅलेट, प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या फळ्या फुकट मिळतात आणि शेकोटीत जातात. प्लायवूडमधला डिंक आणि फळीवरचा रंग जळला की विषारी वायू निघतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात रोमन लिपीत 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाईड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. असं लाकूड उघड्यावरही जाळू नये.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केलेल्या केंद्रीय कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली होती की, काम सुरू असेपर्यंत कामगारांना राहायला तात्पुरती जागा मोफत द्यावी आणि तिथे स्वयंपाकासाठी वेगळी जागा असावी. ही वेगळी जागा म्हणजे केवळ सोय नाही. चूल जिथे पेटते आणि माणसं जिथे झोपतात त्या जागा वेगळ्या असल्या, की हा धोका बराच टळतो.

मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबंही महिनोन्महिने कोपीत राहतात. पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी क्षणात पेट घेते. बाहेरची चूल आत न आणण्याचा नियम तिथेही तितकाच महत्त्वाचा आहे.

मग ऊब मिळवायची कशी?

मराठवाड्यातल्या थंडीत आगीशिवायही रात्र काढता येते. त्यासाठी काही गोष्टी करा.

• आधी खालून बंदोबस्त करा. अंगातली बरीच ऊब थंड जमीन ओढून घेते. फोमची चटई, पुठ्ठे किंवा कोरड्या पोत्यांचे दोन-तीन थर अंथरा. वर दोन गोधड्या घेऊन खाली फक्त चादर टाकली तर उपयोग होत नाही.

• झोपण्याआधी कपडे बदला. दिवसभराच्या घामाने ओलसर झालेले कपडे रात्री गार पडतात. कानटोपी आणि कोरडे मोजे घाला.

• गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा घट्ट झाकणाची स्टीलची बाटली कापडात गुंडाळून पांघरुणात ठेवा.

• शेकोटी बाहेर, मोकळ्या जागेत, तंबू किंवा खोपटापासून लांब करा. झोपण्याआधी पाणी ओतून ती पूर्ण विझवा. राख हाताला गार लागली पाहिजे.

• गौताळा-औट्रमघाटसारख्या अभयारण्यात जाणार असाल तर शेकोटीचा विचारच सोडा. अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३० मनाई करतं. हिवाळ्यात तिथलं गवत वाळायला लागलेलं असतं.

मजुरांना कामावर ठेवणाऱ्यांनी ब्लँकेट, जमिनीपासून उंच झोपण्याची सोय आणि चुलीसाठी वेगळी शेड दिली, तर घमेलं आत न्यायची वेळच येणार नाही.

कुणी बेशुद्ध आढळलं तर?

बंद खोलीत किंवा तंबूत शेगडी आहे आणि एकाहून जास्त जणांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा. दार उघडा, पण स्वतः आत जास्त वेळ थांबू नका.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला येत असेल तर सीपीआर सुरू करा. घाटी असो की जवळचं कुठलंही रुग्णालय, डॉक्टरांना आधी हे सांगा: 'खोली बंद होती आणि आत निखारे होते.' त्यावरून त्यांना कोणती रक्त तपासणी करायची आणि ऑक्सिजन किती तातडीने द्यायचा हे ठरवता येतं. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला साधारण ४ ते ५ तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम तास-दीड तासात होतं.

रुग्णाला बाहेर आणल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या. काही जणांना विस्मरण, गोंधळ असे त्रास काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सुरू होतात.

यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: ज्या जागेत झोपायचं तिथे निखारे न्यायचे नाहीत, मग त्यातून धूर येत असो वा नसो. कॅम्पिंगच्या ग्रुपवर हे सांगाच. पण तुमच्या इमारतीच्या वॉचमनलाही सांगा, आणि समोरच्या साइटवर राहणाऱ्या कुटुंबालाही. पहाटे सगळ्यात जास्त गारठा त्यांच्याच वाट्याला येतो.