घोटभर रसाचे गुण आणि मर्यादा : घरगुती ‘शॉट’विषयी गैरसमज व वस्तुस्थिती

फळे आणि कंदमुळे यांचा दाट, तिखट-आंबट रस ५० ते ६० मिलिलिटर एवढ्या अल्प मात्रेत एका दमात पिण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत शहरांतील ज्यूस सेंटरमधून घराघरांत पोहोचली असून, तिला ‘वेलनेस शॉट’ किंवा नुसते ‘शॉट’ असे नाव रूढ झाले आहे. बेळगाव–निपाणी सीमाभागात या रसाला लागणारा बहुतेक कच्चा माल हाताशी असतो. बेळगावच्या आसपासच्या शेतांत भाजीपाला पिकतो, चिकोडी–रायबाग पट्ट्यात आणि शेजारच्या सांगली भागात हळद होते, आंबोली व चोर्ला घाटांच्या पलीकडून आमसूल येते, आणि थंडीत गणपत गल्लीच्या बाजारात ओली हळद, आले व आवळा एकाच वेळी दिसू लागतात.

अल्प मात्रेत ताजा रस घेण्याची कल्पनाही नवी नाही. ओली वनस्पती कुटून आणि फडक्यातून पिळून काढलेल्या रसाला आयुर्वेदात ‘स्वरस’ म्हणतात. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या औषध तयार करण्याच्या पाच मूलभूत रीतींपैकी स्वरस हा पचनास जड मानला गेला, आणि म्हणूनच शार्ङ्गधरसंहितेने त्याची मात्रा अर्धा पल, म्हणजे आजच्या मापाने सुमारे २४ मिलिलिटर, एवढीच ठरवली. एकाच वनस्पतीसाठी कधी रस, कधी काढा, तर कधी चूर्ण सांगण्यामागे जो विचार होता, तोच आधुनिक आहारशास्त्र वेगळ्या परिभाषेत मांडते : काही घटक पाण्यात विरघळतात, काही तेलात, काही शिजल्यावरच मोकळे होतात, तर काही कंद शिजवल्याशिवाय पोटात जाऊच नयेत. शॉटविषयीचे बहुतेक गैरसमज हा भेद विसरल्यामुळे निर्माण झाले आहेत.

गैरसमज १ : घोटभर रस घेतला की दिवसभराच्या फळभाज्यांची भरपाई होते.

वस्तुस्थिती : रस गाळताना जो चोथा मागे राहतो, त्यातच फळाचा किंवा कंदाचा बहुतेक तंतुमय भाग असतो, आणि आतड्यांची हालचाल नियमित ठेवणे व साखरेचे शोषण संथ करणे ही कामे मुख्यतः हाच भाग करतो. रसात उरलेली साखर पेशींच्या आवरणातून मोकळी झालेली असते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातील व मधातील साखर ‘मुक्त साखर’ या वर्गात धरली असून, अशी साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २,००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅमहून कमी, ठेवावी असे सुचवले आहे. एका शॉटमध्ये ही साखर थोडीच असते. परंतु तिखटपणा झाकण्यासाठी त्यात दोन चमचे मध किंवा उसाचा रस घालण्याची सवय लागली, की हिशेब बदलतो. एक वर्षाखालील बाळाला तर मध मुळीच देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

जीवनसत्त्व ‘क’च्या बाबतीत मात्र घोटभर रसही पुरेसा ठरू शकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, तर २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ असा की, एका मध्यम आवळ्याने ही गरज जवळजवळ भागते, आणि तो चावून खाल्ला तर तंतूही वाया जात नाहीत.

गैरसमज २ : बीटचा लाल रस प्यायल्याने रक्त वाढते.

वस्तुस्थिती : बीटचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्यांचा आहे आणि त्याचा रक्तातील हिमोग्लोबिनशी काहीही संबंध नाही. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह १ मिलिग्रॅमहूनही कमी असते, आणि प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. त्यामुळे रक्तक्षयावर केवळ बीटच्या रसाचा भरवसा ठेवणे म्हणजे उपचार लांबवणे होय. बाजारातून आणलेल्या बीटचा जो पाला देठासकट तोडून टाकला जातो, त्यात कंदापेक्षा लोह कितीतरी अधिक असते, आणि त्याची भाजी करून वर लिंबू पिळल्यास ते शोषलेही अधिक जाते.

बीटचा खरा गुण त्यातील नायट्रेटमध्ये आहे. तोंडातील जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब या रसामुळे सुमारे ८ मिमीने उतरला होता; परंतु त्यांनी रोज २५० मिलिलिटर रस चार आठवडे घेतला होता, आणि घोटभर शॉटमधून तोच परिणाम गृहीत धरता येत नाही. शिवाय बीटमध्ये ऑक्झलेट भरपूर असल्याने मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तो रोज घेऊ नये. रस घेतल्यानंतर काही जणांची लघवी गुलाबी होते, ती मात्र निरुपद्रवी बाब आहे.

गैरसमज ३ : कच्चे तेच सर्वांत पौष्टिक; शिजवले की सत्त्व गेले.

वस्तुस्थिती : हे विधान ‘क’ जीवनसत्त्वापुरते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण ते उष्णतेने आणि हवेने कमी होते. गाजरातील बीटा-कॅरोटिन, म्हणजे शरीर ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते ते नारिंगी द्रव्य, याच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते : ते पेशींच्या कडक भिंतींत अडकलेले असते, उष्णतेने मोकळे होते आणि स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते. गाजर मिक्सरमध्ये बारीक केल्याने या भिंती काही प्रमाणात फुटतात हे खरे, पण तेल-तूप नसलेला निव्वळ रस रिकाम्या पोटी घेण्यापेक्षा तो जेवणाबरोबर घेणे किंवा फोडणी दिलेली गाजराची कोशिंबीर खाणे अधिक लाभदायक ठरते.

गैरसमज ४ : ओल्या हळदीच्या शॉटमुळे सांधेदुखी आणि अंगातील दाह बरा होतो.

वस्तुस्थिती : हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यावर विपुल संशोधन झाले असले, तरी प्रयोगांतील मात्रा आणि स्वयंपाकघरातील मात्रा यांत मोठे अंतर आहे. १० ग्रॅम ओल्या हळदीत बहुतांश पाणीच असते. सुमारे २ ग्रॅम शुष्क भागात ३ ते ५ टक्के कर्क्युमिन धरले, तर हाती ६० ते १०० मिलिग्रॅम लागते आणि त्यातलाही काही भाग चोथ्यात राहतो. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना एका वेळी २ ग्रॅम, म्हणजे याच्या वीसपटीहून अधिक, कर्क्युमिन देऊनही रक्तात ते जेमतेमच आढळले. सोबत मिऱ्यातील पिपरीन २० मिलिग्रॅम दिले तेव्हा त्याचे शोषण २,००० टक्क्यांनी वाढले. शॉटमध्ये मिरपूड टाकण्याची प्रथा याच प्रयोगावर उभी आहे. परंतु अत्यल्प मात्रा कितीही पटींनी वाढली, तरी ती औषधाच्या मात्रेला पोहोचतेच असे नाही.

हळदीच्या तीव्र मात्रेच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हळद किंवा आले रोज एकवटलेल्या स्वरूपात घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. भाजी-आमटीतील हळदीला मात्र ही भीती लागू नाही.

गैरसमज ५ : जमिनीतून आलेले सगळे नैसर्गिक, म्हणून कोणत्याही कंदाचा रस निर्धोक.

वस्तुस्थिती : कंद हा वनस्पतीचा अन्नसाठा असतो, आणि तो कीटक व प्राण्यांपासून राखण्यासाठी अनेक वनस्पतींनी त्यात रासायनिक किंवा यांत्रिक संरक्षण ठेवलेले असते. सुरण आणि अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व ते जिभेत आणि घशात रुतून खाज व सूज आणतात. घरोघरी सुरण चिंच किंवा आमसूल घालून पुरता शिजवला जातो, तो यासाठीच. बटाट्यावर ऊन किंवा उजेड पडून हिरवी झाक आली, अथवा त्याला कोंब फुटले, की त्यातील सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये वाढतात आणि साध्या शिजवण्यानेही ती फारशी नष्ट होत नाहीत. त्यामुळे आम्लपित्तावर उपाय म्हणून सुचवला जाणारा कच्च्या बटाट्याचा रस टाळावा. रताळे विषारी नसते, परंतु त्याचा कच्चा स्टार्च आणि प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक उकडल्यानंतरच निवळतात. रसासाठी सुरक्षित अशी यादी त्यामुळे छोटी आहे : गाजर, बीट, मुळा, आले आणि ओली हळद.

कंद नसलेल्या दुधीचा दाखला येथे विशेष उद्बोधक आहे. दुधी, काकडी आणि कारले यांच्या कुळात कुकरबिटासिन नावाची अतिशय कडू विषद्रव्ये असतात. दिल्लीत २०१० मध्ये दुधी आणि कारल्याचा एकत्रित कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा दुधीचा रस अजिबात पिऊ नये, असे बजावले. कडवटपणा हा जिभेला मिळणारा इशारा असतो, आणि आले, लिंबू व मिरी यांच्या तिखट-आंबट माऱ्यात तो नेमका दडपला जातो. म्हणून प्रत्येक फळभाजीची कच्ची फोड, मिक्सरमध्ये टाकण्यापूर्वी, एकटी चाखून पाहावी.

गैरसमज ६ : लिंबू पिळले की रस आठवडाभर टिकतो.

वस्तुस्थिती : मातीत वाढणाऱ्या मुळांवर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि बंद बाटलीत, हवेविना, कमी आंबट आणि थंड नसलेल्या रसात ते रुजून घातक विष तयार करतात. आम्लता मोजण्याच्या पीएच मापनात ४.६ च्या वरचा पदार्थ या दृष्टीने जोखमीचा मानतात, आणि गाजराचा रस त्याच्या बराच वर असतो. अमेरिका आणि कॅनडामध्ये २००६ साली बाटलीबंद गाजररसामुळे सहा जणांना बॉट्युलिझम झाला, तो बाटल्या पुरेशा थंड न राहिल्यामुळे. अंदाजाने पिळलेल्या लिंबाने पीएच किती उतरला हे घरी कळत नाही, आणि पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली तर फ्रिजचाही भरवसा राहत नाही. म्हणून रस ताजा काढून लगेच घ्यावा, फार तर थंड फ्रिजमध्ये एक दिवस ठेवावा. अधिक काळासाठी तो बर्फाच्या साच्यात गोठवणे हाच सुरक्षित मार्ग.

गैरसमज ७ : उपाशीपोटी घेतलेला शॉट शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढतो.

वस्तुस्थिती : शरीरातील टाकाऊ द्रव्ये निपटण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात, आणि कोणत्याही फळाच्या रसाने ते काम वेगाने होते, असा पुरावा नाही. उलट आंबट रसाने दातांचे आवरण तात्पुरते मऊ पडते, म्हणून तो प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात घासण्यापूर्वी अर्धा तास जाऊ द्यावा. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तो जेवणानंतर, पाणी घालून घ्यावा.

घरी करण्याची रीत

तीन माणसांसाठी दोन मध्यम गाजरे, एक आवळा, २० ग्रॅम आले आणि १० ग्रॅम ओली हळद पुरते. मुळे वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून माती पूर्ण काढावी, साल काढून पुन्हा धुवावीत आणि कुजका भाग फेकून द्यावा, कारण रस गाळल्यावरही मातीतील जंतू त्यात राहतात. फोडी अर्धी वाटी उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवून, धुऊन वाळवलेल्या मलमलच्या फडक्यातून पिळाव्यात. त्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मिरपूड घालून तो जेवणाच्या वेळी प्यावा, आणि उरलेला चोथा त्याच दिवशी थालीपिठाच्या पिठात मळावा. इतकी काळजी घेतलेला शॉट हा चवीचा आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा चांगला पूरक ठरतो; मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास तो रोजचा करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि निरोगी माणसानेही ताटातील भाजी-कोशिंबीर कमी न करता तो वरून घ्यावा.