ओल्या कोर्टावर चेंडू का बिचकतो?

साताऱ्यात पावसाची भुरभुर लागली की उघड्यावरचे खेळ बंद पडतात. ‘थोडं भिजलं तर काय होतंय’ म्हणणारे मात्र असतातच. पॅडेलसारख्या खेळात खूप काही होतं.

टेनिस आणि स्क्वॉशच्या मधला हा खेळ. 20 बाय 10 मीटरचं कोर्ट, मागे काचेच्या भिंती. कोरडा चेंडू 2.54 मीटरवरून सोडला, तर तो 135 ते 145 सेंटिमीटर उसळावा, असा नियम आहे. पावसात त्याच्या अंगावरची लव पाणी पिते, चेंडू जड होतो आणि टप्पा बसका पडतो. काचेवर उलटंच घडतं. पाण्याचा पातळ थर वंगणासारखा काम करतो, घर्षण घटतं, फिरकीला पकड मिळत नाही आणि चेंडू अपेक्षेपेक्षा सरळ, झपकन घसरतो. म्हणजे जमिनीवर संथ, भिंतीवर चपळ! अंदाज बांधायचा तरी कसा? त्यात कृत्रिम गवतातली वाळू ओली होऊन गोळा होते, नि पाय कुठे रुतेल, कुठे सरकेल, याचा भरवसा नाही.

क्रिकेटमध्ये हा हिसका सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या संघाला 1952 मध्ये बसला. पावसाळी ओल्ड ट्रॅफर्डवर भारताचे दोन्ही डाव एकाच दिवसात संपले, 58 आणि 82 धावांवर. खेळपट्टीची माती वाळताना सगळीकडे सारखी वाळत नाही; त्यामुळे एक चेंडू उसळतो, दुसरा खाली राहतो. कृत्रिम गवताला ही खोड नाही.

पाऊस थांबल्यावर आधी काच पुसा. आणि ओले चेंडू बदला. कोर्ट सुकलं तरी लव लगेच वाळत नाही.