शहर बदलताना (लेखांक ४) : एजंटला काय विचारावे आणि काय विचारू नये

पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतची नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावे जानेवारी २०२५ मध्ये देशभरच्या बातम्यांत आली. गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण तिथे एकाएकी वाढले. काही आठवड्यांतच पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि संशय पाण्यावर आला. ही गावे २०२१ मध्येच महापालिकेत आलेली होती. पण घरोघरी येणारे पाणी विहिरीचे होते. त्यात क्लोरिन मिसळले जाई, एवढेच. जुन्या शहराला मिळते तशी शुद्धीकरणाची पूर्ण व्यवस्था त्यामागे नव्हती.

याच पट्ट्यात त्याच्या दोन-तीन वर्षे आधी घर शोधत फिरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. लातूरहून किंवा अकोल्याहून नोकरीसाठी आलेला, पुण्यात ओळखीचे कुणी नाही, हाताशी एक रविवार. एजंट म्हणतो, ‘साहेब, एरिया आता कॉर्पोरेशनमध्ये आलाय.’ वाक्यात काहीही खोटे नाही. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र कॉर्पोरेशन म्हणजे रस्ता, ड्रेनेज आणि नळाचे पाणी असे सगळे एकदम उभे राहते. हद्दवाढीने गाव महापालिकेत येते त्या दिवशी पाण्याची लाइन येत नाही, हे त्याला ठाऊक नसते. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेतली गेली. यातल्या किती ठिकाणी आजही टँकरवर भागवावे लागते, हे तिथे राहणाऱ्यांना विचारावे.

नव्या शहरात येणाऱ्या माणसाचे नुकसान थेट थापांपेक्षा अशा खऱ्या वाक्यांनी जास्त होते. थाप आज ना उद्या उघडी पडते. निम्मे सांगितलेले खरे मात्र भाडेकरारावर सही होईपर्यंत तसेच टिकते.

‘मेट्रो येतेय’ हे असेच दुसरे वाक्य. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची, २३ स्थानकांची मेट्रो. तिचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले. त्यानंतर ती पूर्ण होण्याच्या मुदती एकामागून एक उलटत गेल्या. ‘येणार’ या शब्दावर त्या मार्गालगत वर्षानुवर्षे भाडीही वाढली आणि फ्लॅटही विकले गेले. मेट्रो येणार हे खरेच होते. पण मुलाला यंदाच्या जूनमध्ये शाळेत घालायचे असेल, तर त्या कुटुंबाला यंदाचा रस्ता लागतो आणि हिंजवडीतला संध्याकाळचा रस्ता कसा असतो, ते रविवारी सकाळच्या साइट व्हिजिटमध्ये कळत नाही.

या साऱ्याचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधू नये. ते पैशाच्या वाटेत आहे. नव्या प्रकल्पात एजंटाला, आजच्या भाषेत चॅनेल पार्टनरला, पैसे बिल्डर देतो. घर घेणाऱ्याला वाटते की सल्ला फुकट मिळाला. प्रत्यक्षात त्या सल्ल्याचे पैसे समोरच्या पक्षाने मोजलेले असतात. रीसेलमध्ये बहुधा दोन्ही बाजूंकडून टक्केवारी घेतली जाते. भाड्याच्या घरात पुणे-मुंबईकडची रीत एका महिन्याच्या भाड्याची. २५ हजार भाड्याच्या घरामागे एजंटाला २५ हजार मिळतात. मग ते घर कोथरूडला असो की वाघोलीला, ऑफिस तिथून २० मिनिटांवर असो की दीड तासावर. ‘या भागात तुम्ही राहूच नका, आणखी एक महिना लॉजवर काढा आणि नीट बघा’ हा सल्ला कित्येकदा सगळ्यात योग्य असतो. पण तो देणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन यांनी हे आकड्यांत मांडले आहे. शिकागोच्या उपनगरांतल्या जवळपास एक लाख घरविक्रींचे व्यवहार त्यांनी तपासले. त्यांतली सुमारे ३,३०० घरे खुद्द एजंटांच्या मालकीची होती. स्वतःचे घर विकताना एजंट ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवत आणि तशाच दुसऱ्या घरापेक्षा ३.७ टक्के जास्त किंमत मिळवत. गिऱ्हाइकाचे घर असले की, ‘आलेली ऑफर घेऊन टाका’ हा सल्ला लवकर येई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे गणित आपल्याकडे लावून बघता येते. ८० लाखांच्या फ्लॅटला ३.७ टक्के जास्त मिळाले, तर मालकाचा फायदा २ लाख ९६ हजारांचा. एक टक्का दलालीने त्यात एजंटाचा वाटा २,९६० रुपये. एवढ्यासाठी दहा दिवस थांबायला, चार गिऱ्हाइके पुन्हा फिरवून आणायला कोण तयार होईल? यात फसवणुकीचा हेतू असावा लागत नाही. साधा हिशेब पुरतो.

म्हणून एजंट टाळावा, असे मात्र अजिबात नाही. परक्या शहरात आठवडाभरात घर मिळवून देणारा माणूस मोठे काम करत असतो. कोणता घरमालक डिपॉझिट परत करताना रंगकामाच्या नावाखाली कापतो, कोणत्या सोसायटीत पार्किंगवरून रोज वाद होतात, कोणत्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून चारदा बंद पडते, हे त्याला तोंडपाठ असते. त्या गल्लीत मागच्या महिन्यात टू-बीएचके कितीला गेला, हे तो बिनचूक सांगतो. वर्षानुवर्षे एकाच भागात काम करणाऱ्याला नाव जपावे लागते, कारण त्याचे पुढचे गिऱ्हाईक आधीच्या गिऱ्हाइकाकडूनच येते. असा एजंट अनेकदा आपणहून सांगतो, ‘मॅडम, या बिल्डिंगला उन्हाळ्यात पाण्याचा त्रास आहे.’ नुकताच धंद्यात आलेला आणि शहराच्या चारही टोकांची घरे मोबाइलवर दाखवणारा माणूस हे सांगू शकत नाही. त्याला ते माहीतच नसते.

थोडक्यात, व्यवहाराच्या प्रश्नांसाठी एजंटासारखा जाणकार नाही. या शहरात, या भागात आपण राहावे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवूच नये.

याची आणखी एक बाजू आहे आणि ती जास्त बोचणारी आहे. एजंट काय दाखवतो, ते गिऱ्हाइकाला दिसते. काय दाखवत नाही, ते त्याला कधीच कळत नाही. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने घराच्या व्यवहारात वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी घातली. एखाद्या वंशाच्या लोकांना ठरावीक वस्त्यांकडेच वळवणेही त्यात येते. म्हणूनच तिथल्या नेक एजंटाला ‘ही वस्ती चांगली आहे का?’ असे विचारले, तर तो मत देत नाही. गुन्ह्यांची आकडेवारी पोलिसांकडे बघा, शाळांची माहिती शाळांकडून घ्या, असे सांगतो. तरीही ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तीन वर्षे गुप्त पाहणी केली, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. सारख्याच ऐपतीची, पण वेगवेगळ्या वंशांची माणसे घर घेण्याच्या निमित्ताने ९३ एजंटांकडे पाठवण्यात आली. सुमारे २४० तासांचे चित्रण जमले. नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : कृष्णवर्णीयांना ४९ टक्के, हिस्पॅनिकांना ३९ टक्के आणि आशियाई लोकांना १९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाल्याचे दिसले. नोकरीनिमित्त न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे जाणारी मराठी कुटुंबे या आशियाई लोकांतच मोडतात, हे त्यांनी घर शोधताना ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे हा भेदभाव लपूनही राहत नाही. ‘फॅमिलीलाच देणार’, ‘बॅचलर नको’, ‘व्हेज ओन्ली’, आणि आडनाव ऐकल्यावरची ती शांतता. मुसलमान कुटुंबाला, दलित कुटुंबाला, एकट्या बाईला एजंटाच्या यादीतून किती घरे आधीच वगळली जातात, याची नोंद कुठेही होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा बघायला गेल्यावर ‘महाराष्ट्रीयन लोकांना जागा देत नाही’ असे ऐकवले गेले. तिने त्या प्रसंगाची चित्रफीत लोकांसमोर ठेवली म्हणून राज्यभर संताप उसळला. तो संताप रास्तच होता. तितकाच संताप दुसऱ्या कुणाला तसेच नाकारले गेल्यावरही यायला हवा. एजंट ही भिंत बांधत नाही, पण ती कुठून कुठवर जाते हे त्याला नेमके माहीत असते आणि गिऱ्हाइकाला न सांगता तो तिच्या कडेकडेने वाट काढतो.

मग कायदा काय करतो? २०१६ चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन आणि विकास, कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे एजंटाला नोंदणी करावी लागते. कलम १० प्रमाणे तो नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली घरे विकू शकत नाही, बिल्डरजवळ नसलेली मंजुरी आहे असे सांगू शकत नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवी ती सगळी माहिती आणि कागदपत्रे मिळवून देणे त्याला बंधनकारक आहे. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला १० हजार रुपये दंड; तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३ मध्ये पुढचे पाऊल टाकले. एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. जुन्या एजंटांना प्रमाणपत्रासाठी मुदत दिली गेली आणि ते न मिळवणाऱ्या सुमारे २० हजार जणांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित करण्यात आली. हे काम महारेराने चांगले केले.

याचा उपयोग घर घेणाऱ्याने पुरेपूर करावा. एजंटाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागावा. तो ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड लागतो. तो स्कॅन केला की मंजुऱ्या, ताबा देण्याची तारीख आणि चालू खटले समोर येतात. भाव खरा आहे का, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स २ काढून बघता येते, कारण त्या इमारतीतले आधीचे फ्लॅट प्रत्यक्षात कितीला नोंदले गेले ते तिथे लिहिलेले असते. नदी-ओढ्याजवळचे घर असेल तर पूररेषेचा नकाशा बघावा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले, तेव्हा खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग चालू होता. मुठा नदीची निळी रेषा ६० हजार क्युसेकला धरून आखलेली आहे. म्हणजे नकाशावरही सगळा भरवसा टाकून चालत नाही. ‘मागच्या दोन पावसाळ्यांत पार्किंगमध्ये पाणी आले होते का?’ हे वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या रहिवाशाला विचारावेच.

पाणीपुरवठ्याचा प्रश्नही असाच, इमारतीत चौकशी करून सुटतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘पाणी पुरते का?’ असे विचारले तर ‘पुरते’ असेच उत्तर मिळेल. मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला, असे विचारावे. हा आकडा सोसायटीच्या हिशेबात असतो आणि मेंटेनन्समधून तो अखेर भाडेकरूपर्यंतही पोहोचतो. एजंटाला विचारायचे प्रश्न असे असावेत की उत्तर चुकले तर त्याला दाखवता येईल : डिपॉझिट किती, ते किती दिवसांत परत, अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा ब्रोकरेज लागेल का, सोसायटीची भाडेकरूंवर बंधने कोणती. उत्तरे तोंडी घेऊ नयेत, व्हॉट्सॲपवर लेखी मागावीत. आणि टोकन देण्याआधी एकदा, कामाच्या दिवशी, ऑफिस सुटण्याच्या वेळी, ऑफिसपासून त्या घरापर्यंत स्वतः जाऊन बघावे.

एक मोठी उणीव मात्र तशीच राहते. रेराच्या व्याख्येतला एजंट म्हणजे प्रकल्पातल्या घराची किंवा भूखंडाची विक्री जुळवणारा. भाड्याने घर देणारा एजंट त्यात येत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असे ठरवले आणि त्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. मध्यस्थाच्या जबाबदारीबद्दल ते कलम काही म्हणत नाही. नव्या शहरात येणारा बहुतेक प्रत्येक जण पहिले घर भाड्यानेच घेतो. म्हणजे ज्याला शहराची सगळ्यात कमी माहिती, त्यालाच परीक्षा न दिलेल्या, नोंदणी नसलेल्या माणसाच्या सल्ल्यावर सही करावी लागते. घर विकणाऱ्या एजंटासाठी केलेली परीक्षा आणि नोंदणीची सक्ती राज्य सरकारने भाड्याच्या व्यवहारातल्या एजंटालाही लागू करावी आणि ब्रोकरेजच्या पावतीवर त्याचा क्रमांक छापणे बंधनकारक करावे.